अंग मोजणारे डॉक्टर : डडली सार्जंट

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला बसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला ‘सार्जंट उडी’ ठाऊक असते. भिंतीला लागून उभे राहायचे, हात वर ताणून खडूची खूण करायची, मग धाव न घेता जागच्या जागीच जेवढे उडवेल तेवढे उडायचे आणि वर दुसरी खूण करायची. दोन खुणांमधले अंतर ही तुमची उडी. आमच्या जिमखान्यात हा प्रकार दरवर्षी होतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतोच की फौजेतल्या कुठल्या हुद्देदाराने ही उडी काढली? सार्जंट हे आडनाव आहे, आणि ज्यांचे ते आहे ते गृहस्थ फौजेत कधीच नव्हते. ते सर्कशीत होते, नंतर डॉक्टर झाले, आणि चाळीस वर्षे हार्वर्डसारख्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची अंगे मोजत राहिले. त्यांची हकिकत मला ग्रंथालयात थोडी थोडी वाचायला मिळाली. ती आपल्या वार्षिक अंकात यावी असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

मित्रहो, अंग मोजणे ही गोष्ट आमच्या घरी फारशी कुणी केलेली नाही. मोजायचा तो शिंपी, आणि तोही वाढत्या अंगाचा सदरा शिवायचा असल्याने टेप सैलच धरायचा. उलट आमच्याकडे अंगानेच जग मोजतात. दोरी हातावर मोजतात, कापड वितीवर, आणि विहिरीची खोली पुरुषांवर. माझे वडील गवंडीकाम करतात. भिंतीची उंची ते आधी आपल्या खांद्याशी लावून बघतात आणि मगच टेप काढतात. त्यामुळे कॉलेजात येणाऱ्या मुलाला उभा करून त्याच्या मनगटापासून पोटरीपर्यंत सगळे मोजावे, लिहून ठेवावे, आणि ते ज्ञान आहे असे मानावे, ही कल्पना प्रथम मला चमत्कारिक वाटली.

डडली ॲलन सार्जंट यांचा जन्म २८ सप्टेंबर १८४९ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात, बेलफास्ट नावाच्या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांवरचे सुतार. डडली लहान असतानाच ते वारले आणि मुलगा नातेवाइकांच्या आश्रयाने, अंगमेहनतीची कामे करीत वाढला. शाळा मधूनमधून. मात्र त्याला एक वेड लागले होते, ते कसरतीचे. गावातल्या सवंगड्यांना जमवून त्याने आडव्या बारावरचे आणि झोपाळ्यावरचे खेळ बसवले, त्यांचे जाहीर प्रयोगही केले. पुढे तो सर्कशीत शिरला आणि थोडा काळ कसरतपटू म्हणून हिंडला. ह्या काळाविषयी चरित्रकार फार बोलत नाहीत. प्राध्यापक झालेल्या माणसाची सर्कस झाकून ठेवण्याकडे लोकांचा कल असतो. मला मात्र तीच बाब महत्त्वाची वाटते. उंच झोपाळ्यावर ज्याने आपला देह स्वतः झोकून दिला आहे, त्याला देह म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१८६९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याच राज्यातील ब्रन्झविक येथील बोडन कॉलेजला व्यायामशाळा सांभाळणारा माणूस हवा होता. डडली तिथे गेला. नाव व्यायामशाळेच्या प्रमुखाचे होते, पण पगार तुटपुंजा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या कॉलेजात हा तरुण मुलांना शिकवीत होता, त्या कॉलेजचा तो विद्यार्थी नव्हता. त्याची शाळाच पुरती झालेली नव्हती. ज्यांच्या पुढे उभे राहून तो हातपाय हलवायला सांगे, ती मुले घंटा झाली की लॅटिन आणि ग्रीकच्या वर्गात जात आणि हा मागे व्यायामशाळेत उरे. दोन वर्षे त्याने राहिलेला अभ्यास भरून काढला, आणि १८७१ साली, बावीस वर्षांचा असताना, त्याच कॉलेजच्या पहिल्या वर्षात नाव घातले. व्यायामशाळेचे काम चालूच होते. मध्यंतरी येल कॉलेजच्या व्यायामशाळेतही त्याने शिकवले. १८७५ साली तो पदवीधर झाला. आपल्या येथे रात्री कुठे पहारेकरी म्हणून काम करून सकाळी वर्गाला येणारी मुले आहेत, त्यांना ह्या चार वर्षांचे वेगळे वर्णन सांगण्याची गरज नाही.

ह्याच कॉलेजात १८७४ साली विद्यार्थ्यांनी सक्तीच्या लष्करी कवायतीविरुद्ध बंड पुकारले होते. कॉलेजचे अध्यक्ष जोशुआ चेंबरलेन हे यादवी युद्धातील नामांकित सेनानी, त्यांना कवायतीचे प्रेम असणारच. सगळ्यांनी एका ओळीत, एका तालात, एकच हालचाल करायची, ही त्या काळातील व्यायामाची रूढ कल्पना होती. सार्जंटना बोडनमध्ये जे दिसले ते ह्याच्या उलट होते. कॉलेजात दणकट मुले होती आणि किरकोळ अंगाचीही होती. त्यांना एकच डंबेल, एकच मुद्गल आणि एकच बार दिला की दणकट मुलाला ते पोरखेळ वाटे आणि किरकोळ मुलाला उचलतच नसे. (मुद्गल फिरवण्याचा व्यायाम अमेरिकेतील व्यायामशाळांत त्या वेळी सर्रास होता, आणि तो मुळात आपल्या आखाड्यांतून गोऱ्या शिपायांमार्फत तिकडे गेला. तिकडे त्याचे नावच ‘इंडियन क्लब’ असे आहे.) मग सार्जंटनी दोरी, कप्पी आणि कमीजास्त करता येतील अशी वजने ह्यांची जोडणी सुरू केली. ज्याला जेवढे झेपेल तेवढे वजन लावायचे, आणि जो भाग दुबळा असेल त्याच भागाला काम द्यायचे. शहरातल्या आधुनिक जिममध्ये आज जी कप्प्यांची यंत्रे दिसतात, त्यांच्या पूर्वजांत सार्जंटच्या ह्या यंत्रांची गणना होते.

पण कोणता भाग दुबळा हे कळायचे कसे? नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. तेथे टेप आला.

विद्यार्थ्यांची अंगे मोजण्याचा मान मात्र सार्जंटकडे जात नाही. तो मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट कॉलेजच्या डॉ. एडवर्ड हिचकॉक यांचा. ॲमहर्स्टचे अध्यक्ष स्टर्न्स यांना एक काळजी लागून राहिली होती. मुले अभ्यासाने खंगतात, आजारी पडतात, काही तर शिक्षण पुरे होण्याआधीच दगावतात. म्हणून कॉलेजने व्यायामशाळा बांधली, आरोग्याचे प्राध्यापकपद निर्माण केले, आणि १८६१ पासून हिचकॉक यांनी येणाऱ्या प्रत्येक मुलाची मापे घेण्यास आरंभ केला. तब्बल पन्नास वर्षे, १९११ साली मृत्यू येईपर्यंत, ते ह्या कामात होते. हिचकॉक यांना जाणून घ्यायचे होते ते असे, की कॉलेजातला तरुण सर्वसाधारणपणे कसा असतो आणि वर्षावर्षाने त्याच्यात काय फरक पडतो. सार्जंट ह्याच्या पुढे गेले. त्यांना समोर उभ्या असलेल्या एका मुलाचे काय करायचे, हे ठरवायचे होते.

त्यासाठी डॉक्टर होणे आवश्यक आहे हे त्यांनी ओळखले. कसरतपटूच्या शब्दाला विद्यापीठात कोण विचारणार? येल येथे वैद्यकाचा अभ्यास करून १८७८ साली त्यांनी एम.डी. पदवी मिळवली, न्यूयॉर्कला स्वतःची व्यायामसंस्था काढली, आणि लगेच पुढच्या वर्षी हार्वर्डचे बोलावणे आले. ऑगस्टस हेमेनवे ह्या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून तेथे भव्य व्यायामशाळा उभी राहत होती. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८७९ मध्ये सार्जंट यांना तिचे संचालक आणि शारीरिक शिक्षणाचे साहाय्यक प्राध्यापक नेमले. ज्याला दहा वर्षांपूर्वी वर्गात बसण्याचा अधिकार नव्हता, तो आता हार्वर्डच्या प्राध्यापकमंडळात बसला.

हेमेनवे व्यायामशाळेत येण्याची सक्ती नव्हती. जो येई त्याची तपासणी अशी होई. प्रथम प्रश्न : आईवडिलांची प्रकृती कशी, घरात कोणते आजार, स्वतःला काय झाले होते. मग हृदय आणि फुफ्फुसे. मग उंची : उभ्याने, बसून, गुडघ्यापर्यंत. मग घेर : डोके, मान, छाती साधी, छाती फुगवून, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, दंड, कोपर, मनगट. डावे वेगळे, उजवे वेगळे. खांद्यांची रुंदी, हातांची लांबी. त्यानंतर ताकद. फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता दाखवणारा स्पायरोमीटर, आणि पाठीचा, पायांचा, मुठीचा जोर दाखवणारा डायनॅमोमीटर. एवढे सगळे आकडे झाले की ते एका तक्त्यावर मांडले जात.

हा तक्ता समजून घेण्यासारखा आहे. हजारो विद्यार्थ्यांची मापे जमल्यावर सार्जंट यांनी प्रत्येक मापासाठी एक आडवी पट्टी आखली. पट्टीच्या मध्यावर अशी संख्या की निम्मे विद्यार्थी तिच्या खाली आणि निम्मे वर. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. आपल्याला परीक्षेत आता ‘पर्सेंटाइल’ मिळतात तोच हा हिशेब. त्याची पद्धत इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन यांनी रूढ केली. त्यांनी १८८४ च्या लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात मोजमापांची प्रयोगशाळा थाटली, आणि ९,३३७ लोकांनी तीन तीन पेन्स मोजून स्वतःला मोजून घेतले. सार्जंटच्या तक्त्यावर विद्यार्थ्याचे प्रत्येक माप टिंबाने दाखवायचे आणि टिंबे वरून खाली रेषेने जोडायची. ज्याचे सगळे अवयव एकमेकांना साजेसे, त्याची रेषा सरळ उभी येई. मग तो लहानखोर असला आणि रेषा डाव्या कडेला असली तरी हरकत नाही. ज्याचे दंड भरलेले आणि छाती सपाट, किंवा एक हात दुसऱ्याहून जाड, त्याची रेषा नागमोडी जाई. ज्या ठिकाणी रेषा आत वळली, ते काम करण्याचे ठिकाण.

आणि मग त्या विद्यार्थ्याला लेखी सूचना मिळत. कोणते यंत्र, किती वजन, किती वेळा. जेवण काय, झोप किती, आंघोळ कशी. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सगळी मापे घ्यायची आणि नवी रेषा जुन्या रेषेशी ताडून बघायची. मला ह्या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडले ते हे. आकडा लिहिला आणि वही मिटली, असे तेथे नव्हते.

पण ह्याच आकड्यांनी त्यांना भलत्या वाटेलाही नेले. १८८७ साली त्यांनी एका प्रसिद्ध मासिकात नमुनेदार पुरुषाच्या शरीरप्रमाणांवर सचित्र लेख लिहिला, त्यानंतर दोन वर्षांनी स्त्रियांच्या शरीरविकासावर लिहिला. आणि १८९३ मध्ये शिकागोला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात त्यांनी दोन पुतळे मांडले. एक तरुणाचा, एक तरुणीचा. हेन्री हडसन किट्सन आणि थिओ ॲलिस रगल्स ह्या शिल्पकारांनी ते सार्जंट यांनी काढलेल्या सरासरी मापांवरून घडवले होते. हे पुतळे म्हणजे नमुनेदार अमेरिकन विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, असे सांगण्यात आले. (त्याच वर्षी त्याच शहरी सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान गाजले, हे आपण शाळेत शिकलो. तेथेच त्या उन्हाळ्यात यूजेन सँडो आपले स्नायू दाखवून पैसे मिळवीत होता. त्याची तपासणी सार्जंट यांनीच केली आणि ते थक्क झाले. सँडो पुढे हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही आला. आपण अंगात घालतो त्या बिनबाह्यांच्या बनियनला त्याचेच नाव आहे.)

आता हे पुतळे नमुनेदार कोणाचे? ज्यांची मापे घेतली ते बहुतेक हार्वर्ड आणि तशाच कॉलेजांतले, खाऊनपिऊन सुखी घरांतले गोरे तरुण. गिरणीत काम करणारा, शेतावर राबणारा, नुकताच जहाजातून उतरलेला, काळा, ह्यांपैकी कोणी त्या सरासरीत जवळजवळ नव्हताच. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस हे थोर कृष्णवर्णीय विचारवंत १८८८ ते १८९० ह्या काळात हार्वर्डमध्येच पदवीचे विद्यार्थी होते. त्यांच्यासारख्याने त्या पुतळ्यासमोर उभे राहून काय पाहिले असते? शिवाय सरासरी म्हणजे काय? शंभर माणसांचे नाक, शंभर माणसांची पोटरी एकत्र करून जो माणूस होतो तो कोणाच्याच आईने जन्माला घातलेला नसतो. खुद्द सार्जंटच्या दृष्टीनेही तो आदर्श नव्हता. ह्याहून विद्यार्थ्यांनी पुढे जावे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु माणूस एकदा दगडात किंवा मातीत उभा केला की बघणारे त्यालाच प्रमाण मानू लागतात.

आपल्या देशात ह्या टेपने काय केले हे तर आपणांस ठाऊक असायलाच हवे. त्याच काळात हर्बर्ट रिस्ले हा सनदी अधिकारी जातीजातींच्या लोकांची नाके मोजत होता. १९०१ च्या खानेसुमारीचा तो प्रमुख होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे त्याने आकडेवारीच्या आधाराने मांडले. ही आकडेवारी कोठवर पोचते हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्यांनी मोजमापांचेच आकडे पुढे ठेवले आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे ठरत नाहीत, असा निष्कर्ष काढला. ज्या टेपने खालचे ठरवायचे होते, त्याच टेपने ते खोटे पाडले. सार्जंट यांचा रिस्लेशी काही संबंध नव्हता. पण वंश सुधारण्याच्या, दुबळे वंश मागे पडण्याच्या कल्पना त्या काळी अमेरिकेत हवेतच होत्या आणि सार्जंट त्यांतून सुटले नाहीत. चरित्र लिहिताना एवढे नमूद केलेच पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र ते आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे होते. १८७३ साली हार्वर्डच्याच एका डॉक्टरने, एडवर्ड क्लार्क यांनी, पुस्तक लिहून जाहीर केले होते की मुलींनी मुलांसारखा कॉलेजचा अभ्यास केला तर त्यांच्या शरीराची कायमची हानी होईल. ह्या पुस्तकाचा बोलबाला फार झाला. हार्वर्डमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. तेथील प्राध्यापक बाहेर निराळे वर्ग घेत, त्यातूनच पुढे रॅडक्लिफ कॉलेज झाले. १८८१ साली सार्जंट यांनी ह्या मुलींसाठी केंब्रिजमध्येच व्यायामशाळा सुरू केली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या, तो हाच काळ. शिकणारी बाई आजारी पडणार, ही चर्चा तेव्हा आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच जोराने चालू होती.

सार्जंट यांनी वादविवाद करण्याऐवजी मोजून पाहिले. त्या वेळी अमेरिकन स्त्रिया कॉर्सेट घालीत. कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून धरणारी, आत ताठ पट्ट्या घातलेली काचोळी. डझनभर तरुणींनी प्रयोगाला मान्यता दिली. त्या प्रथम सैल कपड्यांत ५४० यार्ड, म्हणजे सुमारे पाचशे मीटर, अडीच मिनिटांत धावल्या. धावण्याआधी नाडीचे ठोके सरासरी ८४ होते, धावल्यावर १५२ झाले. मग त्याच मुली कॉर्सेट घालून तेवढेच अंतर तेवढ्याच वेळात धावल्या. आता ठोके १६८. फुफ्फुसांत मावणारी हवा सैल कपड्यांत १६७ घन इंच भरली, तर कॉर्सेटमध्ये १३४. म्हणजे बाई दुबळी आहे असे जे म्हणत होते, त्यांनी तिची एक पंचमांश हवा कपड्यानेच काढून घेतली होती. डझनभर मुलींचा प्रयोग हा काही मोठा प्रयोग नव्हे, हे खरे; पण मला तो सार्जंटच्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. माझी आई नऊवारीचा काचा मारून डोक्यावर विटांची पाटी घेऊन शिडी चढते. तिला ह्या १८८९ च्या लेखातले आकडे मी सांगितले तेव्हा ती फक्त हसली. १९१२ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सार्जंट यांनी स्त्रियांच्या एका खपाऊ मासिकात पुन्हा लेख लिहिला. खेळांमुळे मुली पुरुषी होतात काय, हा विषय. बहुतेक सगळे खेळ मुलींनी खेळावेत अशा मताचे ते होते.

हार्वर्डमध्ये त्यांचे दिवस सुखाचेच गेले असे नाही. खेळांवर देखरेख करणाऱ्या समितीत ते होते आणि ह्या समितीने १८८५ साली फुटबॉलवर एका मोसमाची बंदी घातली, कारण त्या वेळच्या फुटबॉलमध्ये ठोसाठोशी आणि हाडे मोडणे नित्याचे झाले होते. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी दोन्हीही चिडले. अकरा जण खेळतात आणि हजार जण बसून ओरडतात, हे त्यांना मुळातच मान्य नव्हते. १८८९ साली त्यांच्या प्राध्यापकपदाची मुदत संपली, आणि ती पुन्हा वाढवून मिळाली नाही. व्यायामशाळेचे संचालक म्हणून ते राहिले ते थेट १९१९ पर्यंत, पण प्राध्यापक ही पदवी गेली. कसरत शिकवणाऱ्याला तत्त्वज्ञान आणि ग्रीक शिकवणाऱ्यांच्या रांगेत बसवावे की नाही, ह्याचा निकाल हार्वर्डने आपल्या पद्धतीने लावला. आपल्या कॉलेजांतून आजही जिमखान्याच्या सरांची खुर्ची कुठे ठेवलेली असते ते पाहावे.

आणखी एक पेच त्यांच्या स्वतःच्या पद्धतीतूनच निघाला. अनेक कॉलेजांनी त्यांची ताकदीची चाचणी स्वीकारली आणि कॉलेजाकॉलेजांत चढाओढ सुरू झाली. पाठ, पाय, मूठ आणि फुफ्फुसे ह्यांचे आकडे घ्यायचे. बारवर किती वेळा अंग उचलले ते मोजून वजनाच्या दशांशाने गुणायचे. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या विद्यार्थ्याचे बळ. बेरीज आली की पहिला नंबर आला, आणि पहिला नंबर आला की मुले बेरजेसाठीच व्यायाम करू लागली. ज्या माणसाने प्रत्येकाची रेषा वेगळी आखली, त्याच्याच नावावर सर्वांना एका रांगेत उभे करणारी चाचणी जमा झाली. आपण गुणपत्रिकेवर वाढलेली मुले. आपल्याला ह्यात नवल वाटू नये.

१९२१ साली, बहात्तरीकडे झुकलेले सार्जंट एक छोटा निबंध प्रसिद्ध करतात. विषय : माणसाची शारीरिक कसोटी. डायनॅमोमीटर नाही, स्पायरोमीटर नाही, पन्नास मापांचा तक्ता नाही. माणसाने उभ्या उभ्या सरळ वर उडी मारावी. वजनाला उडीने गुणावे आणि उंचीने भागावे. आपलेच ओझे घेऊन आपण जमिनीपासून किती वर जाऊ शकतो, ह्यात ताकद, चपळाई आणि अवयवांची एकजूट हे सारे येते, असा त्यांचा विचार होता. कोणतेही यंत्र नको आणि पैसा नको. खेड्यातल्या शाळेलाही ही कसोटी घेता यावी अशी ती आहे, म्हणून ती जगभर पसरली. सर्कशीतल्या पोराला ती कशी सुचली हे मला सांगता येणार नाही, पण ती त्यालाच सुचावी हे योग्य वाटते.

२१ जुलै १९२४ रोजी न्यू हॅम्पशायरमधील पीटरबरो येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मुलाने संपादित करून १९२७ साली प्रसिद्ध केले. मुलींसाठी काढलेली शाळा १९२९ मध्ये बॉस्टन विद्यापीठात विलीन झाली. आरोग्यशास्त्रांचे ते महाविद्यालय आजही सार्जंट ह्या नावाने चालते.

त्यांच्या पश्चात त्यांच्या कामाची एक कडू बाजूही वाढली. मापांबरोबर विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे घेण्याची पद्धत सार्जंट यांच्या काळातच हार्वर्डमध्ये सुरू झाली होती. पुढे विल्यम शेल्डन नावाच्या संशोधकाने शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ठरतो असा सिद्धान्त मांडला आणि त्यासाठी कॉलेजाकॉलेजांतून अशी छायाचित्रे जमवली. १९४० च्या त्याच्या पुस्तकामागे चार हजार विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती. नव्याने आलेल्या मुलामुलींना सांगितले जाई की पाठीची ठेवण तपासायची आहे. नको म्हणायची सोय आहे हे सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना कोण सांगणार? १९५० साली वॉशिंग्टन विद्यापीठातील मुलींच्या तक्रारीवरून तेथली छायाचित्रे जाळण्यात आली. बाकीच्यांचा बोभाटा व्हायला १९९५ साल उजाडले, आणि मग उरलेल्यांपैकी पुष्कळशी नष्ट केली गेली. शेल्डनचा सिद्धान्त आता कोणी मानीत नाही.

हिंदुस्थानात ही विद्या आली ती वळणावळणाने. ल्यूथर गुलिक हे काही काळ सार्जंट यांच्याकडे शिकले आणि नंतर स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. शिक्षणसंस्थेत गेले, तेथे त्यांच्याच सांगण्यावरून जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये बास्केटबॉलचा खेळ शोधला. त्या स्प्रिंगफील्डहून हॅरी बक हे मद्रासला आले आणि १९२० साली त्यांनी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था काढली. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला अशीच संस्था उघडली. आपल्याकडच्या आखाड्यांना आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांना स्वतःची वेगळी परंपरा होतीच. त्या परंपरेत वस्ताद पोराच्या पाठीवर थाप मारून त्याचे माप घेई.

आज आमच्या गावात टेप दोन ठिकाणी दिसतो. एक अंगणवाडीत. ताई पोराच्या दंडाला पट्टी लावतात. लाल रंग आला की त्या पोराला आहार आणि औषधोपचार सुरू होतात. दुसरा भरतीच्या मैदानावर. पोलीस भरतीला पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर अधिक लागते. माझा चुलतभाऊ दोन वर्षे पहाटे चारला उठून धावत होता आणि उंचीत अर्ध्या सेंटिमीटरने मागे फिरला. त्याला पुढे काय करावे हे तेथे कोणी सांगितले नाही, आणि ते सांगणे भरतीचे कामही नव्हे. तो आता गावातल्याच लहान मुलांना पहाटे धावायला नेतो. शाळेच्या भिंतीवर त्याने कोळशाने प्रत्येकाच्या उडीची खूण करून ठेवली आहे, खुणेशेजारी नाव आणि तारीख. गेल्या पावसाने जून महिन्याच्या सगळ्या खुणा धुऊन गेल्या, म्हणून आता तो वही घालतो.